कांदा, साखर आणि बाह्य परीक्षक

बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक दोन असतात. एक कॉलेजातलाच, अंतर्गत. दुसरा बाहेरगावचा, बाह्य. ही झाली कागदावरची गोष्ट. प्रत्यक्षात परीक्षा चालते ती कांद्याच्या मर्जीवर.

कांद्याच्या मुळाच्या टोकाशी पेशींचं विभाजन अखंड चालू असतं. गुणसूत्रं सोळाच आणि चांगली ठसठशीत, त्यामुळे पेशीविभाजन दाखवायला इतका स्वस्त आणि सोयीचा नमुना दुसरा नाही. परीक्षेच्या चार-पाच दिवस आधी लॅबवाले मामा मंडईतून कांदे आणतात, बुडाची वाळकी मुळं ब्लेडने खरवडतात आणि जॅमच्या रिकाम्या बाटल्यांच्या तोंडावर एकेक कांदा बसवतात, बुड पाण्याला जेमतेम टेकेल असा. इथून पुढे कुणाच्या हातात काही राहत नाही. थंडी पडली तर मुळं फुटायला उशीर. बुड जरा जास्त बुडलं तर कांदा कुजतो आणि त्या वासात सगळ्या बॅचेस काढाव्या लागतात. मुळं फुटली तरी ती सकाळीच कापून अ‍ॅसिटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात टाकायची, कारण विभाजनाचा जोर सकाळी जास्त असतो. मामा त्यासाठी कॉलेज उघडायच्या आधी हजर. ‘मेटाफेज’ हा शब्द त्यांना धड उच्चारता येत नसेल, पण दुपारी कापलेल्या मुळांत ‘काय गावत नाही’ हे त्यांना कुठल्याही एम.एस्सी.वाल्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं आणि फेब्रुवारी आला की बाह्य परीक्षकाचा आदेश खिशात घालून कधी देशावर, कधी कोकणात हिंडलो. त्या फेऱ्यांतले हे किस्से. कॉलेजांची नावं सांगत नाही. ती सांगण्यात कुणाचंच भलं नाही. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो, प्रयोग अकरावीतून बारावीत आणि बारावीतून अकरावीत ये-जा करतात, काही कायमचे गळतात. तेव्हा वाचकाने कुठला प्रयोग कुठल्या वर्षी होता याचा हिशेब माझ्याकडे मागू नये.

तर कांदा. मुळाचा तुकडा काचपट्टीवर घ्यायचा, आम्लाचा थेंब, रंगाचा थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर हलकीशी ऊब. मग गडद रंगलेलं टोक, दोन-तीन मिलिमीटरचं, तेवढं ठेवायचं आणि बाकीचं टाकून द्यायचं. विद्यार्थी नेमकं टोक टाकतात आणि बाकीचं ठेवतात, कारण बाकीचं मोठं असतं. मग वर कव्हरस्लिप, त्यावर टिपकागद आणि अंगठ्याने दाब. इथे वर्गाचे सरळ दोन भाग पडतात. एक भाग इतका घाबरत दाबतो की पेशी एकमेकींच्या डोक्यावर बसलेल्याच राहतात. दुसरा कव्हरस्लिप फोडतो. त्यातूनही स्लाईड झालीच तर सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यात आधी सापडतो तो हवेचा बुडबुडा. गोल गरगरीत, काठ काळाकुट्ट, मध्ये लख्ख उजेड. कांद्याची खरी पेशी त्या मानाने फिकट आणि चौकोनी, लक्ष वेधून न घेणारी. त्यामुळे मुलं बुडबुड्याचीच आकृती काढतात.

एका मुलाने बुडबुडा फारच सुरेख काढला होता. पेन्सिलीला टोक काढून, पट्टीने रेघा ओढून, पेशीभित्तिका, पेशीद्रव्य, केंद्रक अशी नावं दिलेली. बुडबुड्यात केंद्रक कुठून आलं म्हणून मी डोळा लावला, तर खरंच एक काळा ठिपका होता. मी स्लाईड किंचित सरकवली. बुडबुडा सरकला, ठिपका जागचा हलला नाही. त्याला म्हटलं, तू सरकव आणि बघ. त्याने सरकवली आणि म्हणाला, “सर, पेशी जातेय, केंद्रक राहतंय.”

“असं कसं?”

तो गप्प झाला. मग न सांगता त्याने आयपीस फिरवून पाहिली. ठिपका गोल फिरला. “सर, ही घाण वरच्या भिंगावर आहे.” पुन्हा जरा वेळ गेला. “मग ही पेशी पण नसणार.” आकृतीचे गुण त्याला देता आले नाहीत. पण त्या दिवशी त्या प्रयोगशाळेत खरा प्रयोग एकच झाला आणि तो ह्याने केला, म्हणून तोंडी परीक्षेत मी त्याला पुढे काही विचारलं नाही, पूर्ण गुण लिहून मोकळा झालो.

स्पॉटिंग म्हणजे ओळखा पाहू. टेबलांवर क्रमाने नमुने मांडलेले, घंटा वाजली की पुढच्या नमुन्यापाशी. पानफुटीचं पान, अमरवेलीचा गुंता, हिवतापाच्या परजीवीची स्लाईड, आणि मग बरण्या. फॉर्मालीनच्या ह्या बरण्या बहुधा कॉलेजच्याच वयाच्या. आतला प्राणी पांढुरका पडलेला, पाणी पिवळट, लेबल उडालेलं. मुलं प्राणी ओळखत नाहीत, बरणी ओळखतात. झाकणाला चिकटपट्टी लावलेली ती जंताची. काचेला तडा गेलेली ती फीतकृमीची. हे ज्ञान वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे अगदी शिस्तीत पोचतं. माझ्या ओळखीच्या एका ज्येष्ठ मॅडम ह्याच्यावर फार चिडायच्या. एका वर्षी त्यांनी आदल्या संध्याकाळी मामांना थांबवून घेतलं आणि बरण्यांमधले प्राणी आपसांत बदलून ठेवले. जंत गोल, दोन्ही टोकांना निमुळता. फीतकृमी चपटा, फितीसारखा, खंडाखंडांचा. आंधळ्यालाही हाताने चाचपून फरक सांगता यावा. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त मुलांनी चिकटपट्टीकडे पाहिलं आणि लिहिलं, जंत.

अशाच एका बरणीवरून माझं एका सहपरीक्षकाशी चांगलंच वाजलं. कोकणातलं खाडीकाठचं कॉलेज. बरणीत तिवराची श्वसनमुळं, म्हणजे चिखलातून वर येणारी पेन्सिलीएवढी मुळं. एका मुलीने त्या स्पॉटसमोर काहीच लिहिलं नव्हतं. अकरावीपासून शास्त्राची भाषा इंग्रजी, आणि ही दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. तोंडीला आली तेव्हा मी विचारलं, तिवर पाहिलंयस का कधी? ती हसलीच. घर खाडीला लागून. मग तिने सांगितलं की ओहोटीला ती मुळं सगळीकडे वर दिसतात, अनवाणी गेलं तर तळव्याला बोचतात, तिथला चिखल काळा असतो आणि ढवळला की घाण वास मारतो, आत हवाच नसते, म्हणून मुळांना वर यावं लागतं, आणि मोडून पाहिलं तर ती आतून स्पंजासारखी पोकळ असतात. पुस्तकात ह्याच्या निम्मंही दिलेलं नाही. “मग बरणीतलं ओळखलं का नाहीस?” तर म्हणाली, “ते पांढरं होतं, सर. आणि उलटं ठेवलं होतं.”

खरंच उलटं ठेवलं होतं. मुळांची टोकं खाली. कॉलेजात ती बरणी आल्यापासून तशीच होती, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सहपरीक्षकांचं म्हणणं, स्पॉटचे गुण लिहिण्याचे आहेत, सांगण्याचे नाहीत. नियमाने ते बरोबर होते. बऱ्याच हुज्जतीनंतर अर्ध्या गुणावर तह झाला.

लोकांना बेडकांच्या काळाबद्दल ऐकायचं असतं. विच्छेदनाचे बेडूक पोत्यातून जिवंत यायचे, रात्री पोत्याचं तोंड सुटायचं आणि सकाळी प्राचार्यांच्या केबिनमध्ये खुर्चीखालून डराव डराव. हे बहुतेक कॉलेजांत घडलंय, त्यामुळे ह्यात माझं असं काही नाही. भारताने बेडकांच्या पायांची निर्यात १९८७ साली बंद केली आणि २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी-पदव्युत्तर वर्गांमधलं प्राणिविच्छेदनही थांबवायला सांगितलं. मला त्याचं दुःख नाही. विच्छेदनात गुण मिळायचे ते नसेखाली काळ्या कागदाची पट्टी नीट सरकवण्याचे आणि टाचणीला लावलेल्या झेंडीवर सुवाच्य नाव लिहिण्याचे. ती नस त्या प्राण्यात काय करत होती, हे सांगता न येणारे पुष्कळ जण पहिले आले.

आता साखरेचा किस्सा. माझ्या सगळ्या परीक्षांतला हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मूत्रपरीक्षणाच्या प्रयोगाला खरं मूत्र कुणी आणत नाही. पाण्यात बिनदुधाच्या चहाचे थेंब टाकले की रंग जमतो. मग एका बाटलीत ग्लुकोज, दुसरीत अंड्याचा पांढरा बलक फेटून गाळलेला, तिसरी तशीच. नमुना अ, ब, क. कशात काय आहे हे फक्त मामांना आणि अंतर्गत परीक्षकांना माहीत असतं. म्हणजे पहिली बॅच बाहेर पडली की साऱ्या कॉलेजला माहीत असतं.

ग्लुकोज ओळखायला बेनेडिक्टचं द्रावण वापरतात. ते निळं असतं. नमुन्यात ग्लुकोज असेल तर उकळत्या पाण्यात परीक्षानळी धरल्यावर निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं आणि शेवटी विटकरी लाल साका. फार देखणा प्रयोग आहे. एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. त्या दिवशी पहिल्या बॅचला तो व्यवस्थित झाला. दुसऱ्या बॅचच्या आधी मामांच्या लक्षात आलं की ग्लुकोजचा डबा रिकामा झाला. त्यांनी कुणाला त्रास न देता कँटीनमधून वाटीभर साखर आणली आणि नमुना ‘ब’ मध्ये चांगली दोन चमचे जास्तच विरघळवली.

घरातल्या साखरेने बेनेडिक्टचा रंग बदलत नाही. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना अशा ठिकाणी जोडलेले असतात की तांब्याच्या क्षारावर क्रिया करणारा त्यांचा भागच बांधला जातो. रसायनशास्त्राच्या तासाला हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं.

बॅच संपली. मी टेबलांमधून फिरलो. प्रत्येकाच्या पुढ्यातली नळी निळीशार. आणि प्रत्येकाच्या उत्तरपत्रिकेत लिहिलेलं, ‘विटकरी लाल साका मिळाला, नमुना ब मध्ये शर्करा आहे.’ दोघांनी तर शेजारी नळीची आकृती काढून तळाशी लाल पेन्सिलीने रंगसुद्धा दिला होता. शेवटच्या टेबलावर एक मुलगी रडवेली होऊन उभी होती. तिने लिहिलं होतं, ‘द्रावण निळेच राहिले. शर्करा नाही.’ त्याच्याखाली बारीक अक्षरांत, ‘पुन्हा करून पाहिले.’ आणि त्याच्याखाली, ‘पुन्हा.’ शेजारणींनी तिला सांगितलं होतं की ‘ब’ मध्ये साखर आहेच, तुझंच काहीतरी चुकलंय. तिच्या वाट्याचं बेनेडिक्ट संपलं होतं, पण तिने उत्तर बदललं नव्हतं.

आधी मला वाटलं, द्रावण खराब झालंय. मामांना विचारलं तर ते मनापासून म्हणाले, “नाही हो सर, साखर मी स्वतः टाकलीय.” साखर म्हणजे कुठली, हे विचारल्यावर उलगडा झाला. अंतर्गत परीक्षक खुर्चीत बसलेच.

पुढचा पेच मजेदार होता. उत्तरतालिकेप्रमाणे सगळा वर्ग बरोबर आणि ती एकटी चूक. बाटलीप्रमाणे ती एकटी बरोबर आणि सगळा वर्ग खोटा. अंतर्गत परीक्षकांचा सल्ला असा की सगळ्यांनाच पूर्ण गुण देऊ, चूक प्रयोगशाळेची आहे, मुलांना शिक्षा का? सल्ला माणुसकीचा होता. मी निष्कर्षाचे गुण सगळ्यांना दिले. निरीक्षणाचे गुण मात्र तिला एकटीला दिले, कारण निरीक्षण तिने एकटीनेच केलं होतं. त्यानंतर परीक्षा संपेपर्यंत अंतर्गत परीक्षक माझ्याशी चहापुरतंच बोलत होते.

त्या मुलांना लबाड म्हणायला माझी जीभ वळत नाही. वर्षभर आपण त्यांच्याकडून जर्नल नावाची वही भरून घेतो. तिच्यात ‘निरीक्षण’ ह्या मथळ्याखालचा मजकूर प्रयोग व्हायच्या आधीच लिहिलेला असतो, गेल्या वर्षीच्या दादा-ताईच्या जर्नलवरून उतरवलेला. एका कॉलेजात लाळेच्या प्रयोगात ‘स्टार्च’ चुकून ‘स्टार्स’ असं लिहिलं गेलं होतं. ते मला तिथे पुढच्या खेपेलाही भेटलं आणि त्याच्या पुढच्या खेपेलाही. गुणसूत्रात एकदा घुसलेला बदल पिढ्यान्‌पिढ्या जावा तसं ते जात होतं. सगळ्या वह्यांवर शिक्षकांची सही होती.

लाळेचा प्रयोग मात्र बिचारा खरा आहे, कारण त्याचं साहित्य विद्यार्थ्याला स्वतःच्या तोंडातून काढावं लागतं. लाळेतलं विकर स्टार्चचे तुकडे करतं. स्टार्च शिल्लक असेतो आयोडीनचा थेंब निळा-काळा होतो, संपला की होत नाही. अडचण एकच, परीक्षेत घशाला कोरड पडते. एकदा एक धिप्पाड मुलगा नळी तोंडाशी धरून नुसता उभा. दोन थेंबही निघेनात. मामांनी शांतपणे खिशातून चिंचेचं बुटूक काढलं, त्याच्या नाकासमोर धरलं आणि स्वतः मिटक्या मारत चाटायला लागले. नळी भरली. मी मामांना म्हटलं, त्यालाच द्यायची होती की थोडी. तर म्हणाले, “छे छे. आंबट गेलं तर परयोग बिघडतो.” विकराला आम्ल सोसत नाही, हा मुद्दा. तोंडीच्या यादीत तो मी त्या वर्षी सगळ्यांना विचारला. मामांइतकं थेट उत्तर एकानेही दिलं नाही.

फुलांचं प्रकरण वेगळंच. एखाद्या कुळाचं फूल द्यायचं म्हटलं की जास्वंद, आणि जास्वंद म्हटली की भल्या पहाटे परिसरातल्या आजी-आजोबांशी स्पर्धा. कुंपणाबाहेर लोंबणारी फुलं पूजेच्या पिशवीत जायच्या आत मामांना गाठावी लागतात. एका वर्षी आजीमंडळ जिंकलं. मामांना मिळाली ती सगळी बंगल्यांतली दुहेरी जास्वंद, गच्च पाकळ्यांची. दुहेरी फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. मुलांनी पाकळी पाकळी सोडवून कागदावर ओळीने मांडली, ढीग झाला, आणि वर लिहिलं, पाकळ्या पाच. एकाने हळूच विचारलं, “सर, जास्तीच्या टाकून देऊ का?”

तोंडी परीक्षेकडे वळण्याआधी पाहुणचाराबद्दल. बाह्य परीक्षकासाठी पोहे येतात, दुपारी जेवण येतं, आणि जेवणानंतर सुपारीबरोबर एक वाक्य येतं, “मुलं खेड्यातली आहेत सर, सांभाळून घ्या.” शहरात तेच वाक्य ‘मुलांना नीट आहे सर’ असं येतं. प्रात्यक्षिकाचे गुण ३०, लेखीचे ७०. त्या ३० मध्ये २८ पडले तर परीक्षा बेताची गेली असं घरी समजतात आणि २५ पडले तर परीक्षकाचं काही वैर होतं का याची चौकशी होते. हे गुण ज्ञान मोजत नाहीत, संबंध मोजतात, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे आहेत आणि त्यातला एकही मिळवायला सूक्ष्मदर्शकाला हात लावावा लागत नाही. त्यामुळे क्लासशी बांधलेल्या कॉलेजांतली हुशार मुलं प्रयोगशाळेत पहिल्यांदा येतात ती थेट परीक्षेच्या दिवशी. कव्हरस्लिप कुठल्या बाजूने लावायची, असं विचारणारा मुलगा पुढे डॉक्टर झालेला मला माहीत आहे. चांगला डॉक्टर झाला, तेही सांगायला हवं.

राहिली तोंडी. टेबलाच्या ह्या बाजूला आम्ही दोघं, त्या बाजूला मूल. घोकलेलं उत्तर बाहेर पडण्याची इथे शेवटची संधी असते, तसंच न घोकलेलं बाहेर पडण्याचीही.

आमचा एक ठरीव प्रश्न होता. आईचा रक्तगट एबी, वडिलांचा ओ, मुलाचा ओ असू शकेल का? ठरीव उत्तर, नाही. ए किंवा बी. एका मुलाने शांतपणे सांगितलं, “असू शकतो, सर.” अंतर्गत परीक्षकांनी मान हलवून पुढचा प्रश्न काढला. मी थांबवलं. “कसा काय?”

“बॉम्बे ग्रुप असेल तर.”

त्याची मावशी रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. ए आणि बी हे दोन्ही पदार्थ पेशीवर बसतात ते एच नावाच्या पायावर. दोन्हीकडून आलेल्या जनुकांत तो पाया बांधण्याची सूचनाच नसेल, तर ए-बीची जनुकं असूनही वर काही बसत नाही आणि साध्या चाचणीत रक्त ओ दिसतं. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली हा गट पहिल्यांदा जगापुढे मांडला, म्हणून त्याला आपल्या शहराचं नाव. ह्या माणसांना ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही, कारण त्यात एच असतो. त्यांना त्यांच्याच गटाचं रक्त लागतं. मुलाने हे सगळं मावशीच्या भाषेत, रात्री-अपरात्री दाता शोधायला येणाऱ्या फोनसकट सांगितलं. अंतर्गत परीक्षक म्हणाले, “पण प्रश्न साधा होता रे.” साधाच होता. उत्तर आमचं अपुरं होतं.

ह्यावरून शिक्षकांमधला एक न लिहिलेला नियम सांगतो. वर्गात मुलांना आई-वडिलांचे रक्तगट विचारायचे नाहीत. शाळेच्या ओळखपत्रावर रक्तगट कित्येकदा अंदाजाने भरलेला असतो, पुस्तकातला तक्ता काळ्या-पांढऱ्या भाषेत बोलतो, आणि सोळा-सतरा वर्षांचं पोर तो तक्ता घेऊन घरी जातं. जीभ गुंडाळता येणं हे एकाच जनुकाचं काम, हेही असंच अजून विचारलं जातं. १९४० साली हे मांडणाऱ्या स्टर्टेव्हंट यांनीच पुढे ते चूक असल्याचं मान्य केलं. आमच्या तोंडीच्या यादीपर्यंत ती बातमी पोचलेली नाही.

‘झाड रात्री काय करतं?’ ह्याचं उत्तर सगळ्यांना येतं. श्वसन करतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणून झाडाखाली झोपू नये. मग विचारायचं, आणि दिवसा श्वसन करतं का? इथे शांतता. झाड दिवस-रात्र श्वास घेतं, दिवसा अन्न बनवण्याचा वेग जास्त असल्याने ते दिसत नाही, इतकंच. पण पुस्तकात दिवसाच्या रकान्यात एक आणि रात्रीच्या रकान्यात दुसरं असं छापलेलं असल्यामुळे मुलांच्या डोक्यात झाड दोन पाळ्यांत काम करतं. त्यातून पिंपळ निघाला की वादच नको. तो चोवीस तास ऑक्सिजन देतो, असं मला परीक्षार्थींनी आणि सहपरीक्षकांनीही सांगितलंय.

मला स्वतःला आवडणारा प्रश्न एकच. झाडाचं वजन येतं कुठून? डझनावारी मुलांनी सांगितलं, मातीतून. काहींनी, खतातून. सतराव्या शतकात व्हान हेल्माँट ह्या गृहस्थाने २०० पौंड कोरडी माती कुंडीत भरून ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, माती घटली ती दोनेक औंस. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. अर्धं बरोबर होतं ते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा पत्ता त्याला लागला नव्हता. हा प्रयोग पुस्तकात कधी असतो, कधी नसतो. सांगली भागातल्या एका परीक्षेत उसाच्या पट्ट्यातला एक मुलगा ह्या प्रश्नावर अडला. आधी त्यानेही मातीच म्हटलं. मी काही बोललो नाही. तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि आपल्याशीच हिशेब केल्यासारखा म्हणाला, “एकरी चाळीस टन ऊस निघतो. दर वर्षी. मातीतनं आला असता तर आमच्या रानात आत्तापर्यंत विहीर पडली असती.”

“मग?”

“खताची पोती पाच-सहा. म्हणजे खतातनं पण नाही.” थोडं थांबून, “पाणी तर हाय. पण वाळवला तरी पाचट उरतंच की. मग हवेतनंच असणार.” आणि लगेच घाबरून, “असं पुस्तकात आहे का सर?”

घंटा मध्येच वाजली होती. मामा दारात उभे होते, पुढची बॅच बाहेर ताटकळत होती, आणि अंतर्गत परीक्षकांनी पेन बंद केलं होतं. त्यांनीच ते पुन्हा उघडलं आणि मला न विचारता गुण लिहिले.

ह्या फेब्रुवारीत ज्यांना बाह्य परीक्षकाचा आदेश येईल, त्यांना एवढंच सांगणं आहे. स्पॉट, प्रयोग, गुणांची विभागणी सगळं मंडळाचं असतं, पण तोंडीचे प्रश्न आपले असतात. प्रत्येक मुलाला गाइडात उत्तर नसलेला एक तरी प्रश्न विचारा, मराठीत विचारा, आणि तो विचार करत असेपर्यंत मामांना घंटेपासून लांब ठेवा.